कबरीवरचा 'रेव्हरंड' : ओस्टन फेरीचे प्रकरण, १८७४ ते १८७६

एका लहान मुलीच्या कबरीवर बसवायचा दगड होता. मजकूर मोजक्या ओळींचा: ॲनी ऑगस्टा कीट हिच्या प्रेमळ स्मृतीस, वेस्लियन मिनिस्टर (म्हणजे मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे पाळक) रेव्हरंड एच. कीट यांची कन्या. पुढे मृत्यूची तारीख, आणि शेवटी आयुष्यातल्या वादळांपासून ती आता सुरक्षित आहे, अशा अर्थाची एक ओळ. इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यात ओस्टन फेरी नावाचे गाव आहे. १८७४ च्या मे महिन्यात ही मुलगी तिथे वारली. गावच्या चर्चच्या आवारात तिला मूठमाती मिळाली. अडले ते दगडापाशी. गावच्या चर्चचे पाद्री, म्हणजे व्हिकर, जॉर्ज एडवर्ड स्मिथ यांनी मजकुरातल्या एकाच शब्दाला हरकत घेतली. मुलीच्या वडिलांच्या नावामागचा 'रेव्हरंड' काढा, मग दगड बसवा.

हेन्री कीट यांनी तो काढला नाही. प्रकरण बिशपकडे गेले, मग दोन धर्मन्यायालयांत, आणि शेवटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे अपिलाच्या शेवटच्या न्यायालयात. २१ जानेवारी १८७६ रोजी तिथे निकाल लागला. 'कीट विरुद्ध स्मिथ' हा खटला इंग्रजी कायद्याच्या इतिहासात तसा छोटा आहे. त्यात ना इस्टेट होती ना पैसा. पण 'रेव्हरंड' हे पद आहे, पदवी आहे की विशेषण, आणि ते लावण्याचा हक्क कोणाचा, या प्रश्नाचा इतका नेटका उलगडा दुसरीकडे सापडत नाही.

मराठी वाचकाला हा शब्द परका नाही. रे. ना. वा. टिळक हे नाव शाळेच्या क्रमिक पुस्तकापासून ओळखीचे. पण त्या 'रे.'चा नेमका अर्थ विचारला, तर बहुतेक जण 'पाद्री', 'धर्मगुरू' किंवा 'मिशनरी' असे काहीतरी सांगतात. तीनही उत्तरे चुकीची आहेत, आणि चूक नेमकी ओस्टन फेरीच्या व्हिकरने केली तीच आहे: विशेषणाला नाम समजण्याची.

शब्दाची घडण

लॅटिनमध्ये 'रेव्हेरेरी' हे क्रियापद आहे. 'वेरेरी' म्हणजे भीड धरणे, आदराने दबून असणे. 'रे' हा उपसर्ग त्याला जोर देतो. धाक आणि आदर यांच्या मधला हा भाव मराठीत 'वडिलांची भीड वाटते' असे म्हणताना येतो, त्याच्या जवळचा. या क्रियापदापासून 'रेव्हेरेंदुस' हे रूप झाले. अर्थ: ज्याची भीड धरावी, ज्याचा आदर केला पाहिजे असा.

संस्कृत व्याकरण थोडेफार ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे रूप लगेच उमगते, इंग्रज माणसाला मात्र ते समजावून सांगावे लागते. धातूला 'अनीय' प्रत्यय लागून आपल्याकडे पूजनीय, वंदनीय, आदरणीय असे शब्द होतात. 'ज्याचे अमुक केले पाहिजे असा' हाच त्यांचा अर्थ. लॅटिनमधला 'न्दुस' हा प्रत्यय अगदी हेच काम करतो. याच साच्यातले शब्द आपण रोज वापरतो. सभेचा अजेंडा म्हणजे 'करायच्या गोष्टी'. शेअरवर मिळणारा डिव्हिडंड म्हणजे 'वाटायची रक्कम'. रेफरेंडम म्हणजे 'लोकांपुढे न्यायची बाब'. रेव्हरंड आणि डिव्हिडंड यांच्या शेवटी सारखाच 'अंड' ऐकू येतो, तो योगायोग नव्हे; दोन्हीकडे तोच लॅटिन प्रत्यय झिजून उरला आहे.

म्हणजे 'रेव्हरंड'चे अक्षरशः मराठी रूप 'आदरणीय'. त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही.

इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा तो केवळ पाद्रींसाठी नव्हता. पंधराव्या शतकापासून तो आदराचे विशेषण म्हणून चालत होता. वडीलधारी माणसे, विद्वान, न्यायाधीश अशा कोणालाही लागत असे. गावच्या साध्या पुरोहिताला त्या काळी 'सर' म्हणत. लॅटिन 'दोमिनुस'चा तो इंग्रजी पर्याय होता. पाद्रींच्या नावामागे 'रेव्हरंड' लावण्याची ठाम रूढी पडली ती सतराव्या शतकात. १६११ च्या इंग्रजी बायबलात हा शब्द एकाच ठिकाणी येतो, स्तोत्र १११ च्या नवव्या ओवीत, आणि तिथे तो देवाच्या नावाला लावलेला आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ 'भय धरण्याजोगा'. क्वेकर आणि ब्रदरन पंथांचे लोक कोणाही माणसाला रेव्हरंड म्हणायला तयार नसतात, त्यामागे ही ओवी आहे. देवाचे विशेषण माणसाला कसे लावायचे, हा त्यांचा प्रश्न मनापासून आलेला आहे आणि त्याला सहज उत्तर देता येत नाही.

गाव आणि त्याचा इतिहास

हा वाद ओस्टन फेरीत व्हावा यालाही अर्थ आहे. ट्रेंट नदीच्या पश्चिम काठावरचे हे गाव 'आइल ऑफ ॲक्सहोम' या भागात मोडते. नाव बेटाचे असले तरी ते समुद्रातले बेट नव्हे. पूर्वी चहूबाजूंनी दलदल असलेला हा उंचवटा आहे, आणि ती दलदल सतराव्या शतकात उपसून शेतीखाली आणली गेली. याच भागात काही मैलांवर एपवर्थ आहे: मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याचे जन्मगाव. त्याचे वडील सॅम्युएल वेस्ली तिथे रेक्टर, म्हणजे गावच्या चर्चचे पाद्री, होते. १७४२ च्या जून महिन्यात वेस्ली गावी आला, तेव्हा तिथल्या पाद्रीने त्याला चर्चमध्ये प्रवचन करू दिले नाही. वेस्ली बाहेर आवारात गेला, वडिलांच्या कबरीच्या सपाट दगडावर उभा राहिला आणि तिथून बोलला. एकामागून एक संध्याकाळी लोक जमत राहिले.

वेस्ली स्वतः मरेपर्यंत, म्हणजे १७९१ पर्यंत, चर्च ऑफ इंग्लंडचा, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा, दीक्षित पुरोहित होता. पदांच्या हौशीबद्दल त्याला मनस्वी चीड होती. अमेरिकेतला त्याचा सहकारी फ्रान्सिस ॲस्बरी स्वतःला बिशप म्हणवू लागला, तेव्हा वेस्लीने १७८८ मध्ये त्याला पत्र लिहून झापले: मला लोकांनी लबाड म्हणावे, मूर्ख म्हणावे, चालेल, पण माझ्या संमतीने मला कोणी बिशप म्हणणार नाही. त्याच्या मागे १७९३ मध्ये मेथडिस्ट प्रवचनकारांच्या कॉन्फरन्सने आपसांत 'रेव्हरंड' वापरायचा नाही असा ठरावही केला. पुढे चळवळीचा स्वतंत्र पंथ झाला. १८३६ पासून डोक्यावर हात ठेवून दीक्षा देण्याची रीत वेस्लियन मंडळींनी सुरू केली, आणि नावामागचा 'रेव्हरंड' त्यांच्यात रुळला. कीट यांच्या काळी तो सर्रास छापला जाई, पाकिटांवर लिहिला जाई, बोलण्यात येई. हरकत फक्त दगडावर आली.

दगडासाठी परवानगी का लागली

इथे कायद्याची थोडी फोड करावी लागते, नाहीतर व्हिकरला एवढा अधिकार आला कुठून हे कळत नाही.

इंग्लंडमधल्या खेडेगावात त्या काळी बहुधा एकच दफनभूमी असे: पॅरिश चर्चचे आवार. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग. त्या पॅरिशमध्ये राहणाऱ्या कोणालाही, तो कोणत्याही ख्रिस्ती पंथाचा असला तरी, तिथे दफनाचा हक्क होता. हा हक्क रूढीने मिळालेला आणि पक्का. मात्र १८८० पर्यंत त्या आवारात विधी होई तो चर्च ऑफ इंग्लंडच्याच पद्धतीने. दुसऱ्या पंथाच्या पाळकाला कबरीपाशी उभे राहून प्रार्थना चालवता येत नसे.

दफनाचा हक्क होता, दगडाचा मात्र नव्हता. आवाराची मालकी कायद्याने तिथल्या व्हिकरच्या नावे असते. शिवाय ती अभिषेक केलेली भूमी, म्हणून तिच्यावर बिशपच्या न्यायालयाची नजर असते. तिथे काहीही कायमस्वरूपी उभे करायचे तर 'फॅकल्टी' नावाची लेखी परवानगी लागते. साध्या दगडांसाठी व्हिकरची तोंडी संमती पुरे, अशी रीत होती आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागत असे. व्हिकर अडून बसला, तर मात्र पायऱ्या चढत जावे लागे.

कीट त्या एकेक करून चढले. आधी त्यांनी मजकूर व्हिकरला दाखवला, नकार आला. मग लिंकनचे बिशप ख्रिस्तोफर वर्ड्सवर्थ यांच्याकडे दाद मागितली. ते व्हिकरच्या बाजूने उभे राहिले. कँटरबरीचे आर्चबिशप टेट यांना ही हरकत पटली नव्हती. पण आर्चबिशपचे मत म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे, त्यामुळे व्हिकरवर ते बंधनकारक ठरले नाही. उरला फॅकल्टीचा अर्ज. तो लिंकन डायोसिसच्या, म्हणजे तिथल्या बिशपच्या प्रांताच्या, कन्सिस्टरी न्यायालयात गेला. या न्यायालयाच्या न्यायाधीशाला चान्सलर म्हणतात, आणि त्या वेळी तिथे वॉल्टर फिलिमोर हे तिशीतले वकील चान्सलर होते. त्यांनी १८७५ मध्ये अर्ज फेटाळला. त्यावर अपील 'कोर्ट ऑफ आर्चेस'मध्ये. तिथले न्यायाधीश, म्हणजे डीन ऑफ आर्चेस, होते सर रॉबर्ट फिलिमोर, वॉल्टर यांचे वडील. मुलाच्या निकालावरचे अपील वडिलांपुढे! आज हे ऐकायलाही विचित्र वाटते. धर्मकायदा जाणणारे वकील त्या काळी इतके थोडे होते की असे होई. सर रॉबर्ट यांनीही नकारच कायम ठेवला.

शेवटची पायरी प्रिव्ही कौन्सिलच्या ज्युडिशियल कमिटीची. हिंदुस्थानातली अपिलेही याच कमिटीपुढे जात. पुण्याच्या ताई महाराज प्रकरणाचा शेवटचा निकाल १९१५ मध्ये जिथे लागला, तीच ही जागा. ओस्टन फेरीच्या दगडाचा निवाडा तिथे लॉर्ड चान्सलर केर्न्स यांनी वाचून दाखवला.

व्हिकरच्या बाजूचे म्हणणे

ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. चर्च ऑफ इंग्लंडच्या दृष्टीने दीक्षा बिशपच्याच हातून मिळायला हवी. बिशपची परंपरा खंड न पडता प्रेषितांपर्यंत जाते, आणि ज्याला त्या परंपरेतून दीक्षा नाही तो कितीही सज्जन असला तरी पुरोहित नाही, असे त्यांचे मानणे. कीट यांची दीक्षा बिशपने दिलेली नव्हती. तेव्हा चर्चच्या भूमीत, चर्चच्या परवानगीने उभ्या राहणाऱ्या दगडावर 'रेव्हरंड कीट' कोरले, तर ते पुरोहित आहेत असे चर्चनेच कबूल केल्यासारखे होईल, ही भीती. पाकिटावर किंवा वर्तमानपत्रात कोण काय लिहितो त्याला चर्च जबाबदार नाही, पण आवारातल्या दगडाला आहे.

हा विचार एका ठिकाणी बरोबर आहे. दगडावरचा मजकूर ही त्या जागेची बोलीच असते. व्हिकरला त्यात लक्ष घालावेसे वाटणे चूक नाही. खोटे विधान, कोणाची निंदा, धर्माविरुद्ध मजकूर असे काही असते तर हरकत टिकली असती. त्यामुळे सगळा प्रश्न एकाच बिंदूवर येऊन ठेपला: 'रेव्हरंड' हे विधान आहे काय? 'हा माणूस अमुक पदावर आहे' असे तो शब्द सांगतो काय?

निकाल

प्रिव्ही कौन्सिलने उत्तर व्याकरणातून दिले. 'रेव्हरंड' ही सन्मानाची पदवी नव्हे. ते विशेषण आहे, गौरवाने लावलेले, आदर दाखवणारे, आणि त्याच्या पलीकडे काही नाही. चर्च ऑफ इंग्लंडचे पाद्री ते बराच काळ वापरत आले आहेत, पण फार प्राचीन काळापासून नव्हे. शिवाय इतर पंथांचे पाळकही बोलण्यात आणि लिहिण्यात ते वापरत आले आहेत. एखाद्याने ते वापरले म्हणून तो चर्च ऑफ इंग्लंडचा दीक्षित पुरोहित असल्याचा दावा करतो असे होत नाही. सबब हरकतीला पुरेसा आधार नाही. खालचे दोन्ही निकाल रद्द, दगडाला परवानगी.

आमच्या मते खालच्या न्यायालयांचा घोटाळा इथेच झाला. एक वर्ग एखादे विशेषण पिढ्यान्पिढ्या वापरतो, तेव्हा ते त्या वर्गाची मालमत्ता असल्यासारखे वाटू लागते. पण वापराने मक्ता मिळत नाही. तो द्यायला कायदा लागतो, चर्चचा नियम लागतो, किंवा सनद लागते. 'रेव्हरंड' बाबत यातले काहीच नव्हते. उलट 'व्हिकर' हा शब्द घ्या. त्याला नेमणूक आहे, नेमणुकीची तारीख आहे, पॅरिशच्या हद्दी आहेत, उत्पन्न आहे. कीट यांनी दगडावर 'ओस्टन फेरीचे व्हिकर' असे कोरायला सांगितले असते, तर ते सरळ खोटे ठरले असते.

आणि दगडच नीट वाचला असता, तरी वाद मिटला असता. 'रेव्हरंड एच. कीट' यांच्या जोडीला 'वेस्लियन मिनिस्टर' हे शब्द तिथेच होते. वाचणाऱ्याची दिशाभूल करायची, तर कोणी आपला पंथ स्वतःहून कोरून ठेवत नाही. मजकूर प्रामाणिक होता. एकच शब्द बाजूला काढून त्याच्यावर पदाचे ओझे टाकले गेले.

मराठी पत्रलेखनात ज्याला मायना म्हणतात, त्याच्या उजेडात हे आणखी स्वच्छ दिसते. वेदशास्त्रसंपन्न, राजमान्य राजश्री, तीर्थरूप, हरिभक्तपरायण. कीर्तनकाराच्या नावामागे ह. भ. प. लिहितात, ते कोणत्या संस्थानाने दिलेले पद नसते. हरिभक्तीत गढलेला असा त्याचा गौरव असतो. फडाची गादी हे पद. तिच्यावर कोण बसणार याचा वाद होऊ शकतो आणि होतोही. पण अमक्याला ह. भ. प. का म्हटले म्हणून दावा लावता येत नाही. 'रेव्हरंड' हा इंग्रजीतला मायना आहे. ओस्टन फेरीत त्याच्यावर गादीसारखा दावा लावला गेला.

निकालाने काय झाले, काय नाही

दीक्षेचा प्रश्न या निकालाने सुटला नाही, आणि प्रिव्ही कौन्सिलने तो सोडवायला हातही घातला नाही. वेस्लियन दीक्षा चर्च ऑफ इंग्लंडच्या नजरेत होती तिथेच राहिली. झाले ते एवढेच की शब्द मोकळा झाला.

मोठा बदल चार वर्षांनी आला. दफनाच्या कायद्यातली दुरुस्ती सप्टेंबर १८८० मध्ये मंजूर झाली. पॅरिश चर्चच्या आवारात दुसऱ्या पंथाच्या पद्धतीने किंवा कोणत्याही विधीविना दफन करायची मुभा तिने दिली. त्यासाठी व्हिकरला ४८ तास आधी लेखी सूचना द्यायची, आणि विधी झाला तर तो ख्रिस्ती व शिस्तीचा असावा, एवढ्या अटी. ही मागणी संसदेत कित्येक वर्षे रखडली होती. ओस्टन फेरीच्या दगडासारख्या प्रकरणांमुळे ती नुसती तात्त्विक राहिली नाही. मुलीच्या कबरीवर बापाचे नाव कसे कोरायचे हे दुसऱ्या पंथाचा माणूस ठरवतो, हे चित्र लोकांना बोचत होते.

चढत्या पायऱ्या, आणि भाषांतरातले खड्डे

'रेव्हरंड' मोकळा असला, तरी त्याला जोडलेली वरची विशेषणे मात्र पदाशी बांधलेली आहेत. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, रीतीत कॅथीड्रलच्या डीनला (तिथल्या प्रमुख पाद्रीला) 'व्हेरी रेव्हरंड', बिशपला 'राइट रेव्हरंड', आर्चबिशपला 'मोस्ट रेव्हरंड'. बिशपच्या हाताखालच्या आर्चडीकनला मात्र 'व्हेनरेबल', म्हणजेही आदरणीयच. आयर्लंडमधला मीथचा बिशप बिशप असूनही जुन्या प्रथेने 'मोस्ट रेव्हरंड' म्हणवतो. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जनरल असेंब्लीचा मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, वर्षभर 'राइट रेव्हरंड' असतो आणि पायउतार झाल्यावर 'व्हेरी रेव्हरंड' होतो. भारतात नॉर्थ इंडियाच्या चर्चचे बिशप 'राइट रेव्हरंड' लावतात, तर कॅथलिक बिशप 'मोस्ट रेव्हरंड'. दोघांचे पद एकच, विशेषण वेगळे. बातमीत 'मोस्ट रेव्हरंड' वाचून कॅथलिक बिशपला आर्चबिशप करून टाकण्याची चूक इथूनच होते.

'राइट'चा इथे उजवा किंवा बरोबर असा अर्थ नाही. जुन्या इंग्रजीत तो 'फार, अत्यंत' या अर्थाने येत असे. म्हणून भाषांतर 'परम आदरणीय' किंवा नुसते 'बिशप अमुक' एवढेच करावे.

इंग्रजीतला आणखी एक नियम विशेषणाच्या स्वभावातून येतो. 'द रेव्हरंड हेन्री कीट' बरोबर, 'द रेव्हरंड मिस्टर कीट' बरोबर, 'रेव्हरंड कीट' हे जाणकारांना खटकते, आणि 'गुड मॉर्निंग, रेव्हरंड' तर त्याहून जास्त. आडनावाला थेट विशेषण चिकटवणे, किंवा विशेषणाने हाक मारणे, हे तिथल्या जुन्या शिस्तीत बसत नाही. बोलण्यात हा नियम आता सगळीकडे ढिला झाला आहे, पण इंग्रजी निमंत्रणपत्रिका किंवा कबरीचा मजकूर लिहिताना पाळावा. मराठीला तो लागू करण्याचे कारण नाही. मराठीत 'द' नाही, आणि 'माननीय पाटील', 'पूज्य गुरुजी' या वळणावर 'रेव्हरंड टिळक' सहज बसते. शंभर वर्षांहून जास्त वापराने ते मराठी झाले आहे.

मराठी ख्रिस्ती समाजात याबाबत चार गोष्टी वेगळ्या ठेवतात, आणि बाहेरचा लेखक त्यांची सरमिसळ करतो. दीक्षा हा विधी. कॅथलिक लोक तिला गुरुदीक्षा म्हणतात. पाळक, धर्मगुरू, बिशप ही पदे. रेव्हरंड हे नावामागचे विशेषण. फादर, पास्टर, पाळकसाहेब ही हाक मारण्याची रूपे. वसईत कोणी फादरला 'रेव्हरंड' म्हणून हाक मारणार नाही, आणि अहिल्यानगरच्या प्रॉटेस्टंट वस्तीत पाळकाला 'फादर' म्हटले तर लोक चमकून पाहतील. 'पाद्री' हा शब्द पोर्तुगीज 'पाद्रे'वरून आला. पोर्तुगीज शब्द लॅटिन 'पातेर'वरून, म्हणजे संस्कृत 'पितृ'चाच सख्खा भाऊ. जुन्या मराठीत तो सरसकट सगळ्यांना लावत. आज लेखी मजकुरात तो टाळलेला बरा, कारण बोलताना त्याला कधी कधी हिणकस छटा येते.

पद आणि विशेषण ओळखायची कसोटी सोपी आहे. 'ते कधीपासून आहेत?' आणि 'कुठले?' हे दोन प्रश्न विचारा. पाळक कुठल्या तरी मंडळीचे असतात, अमुक सालापासून असतात. 'कुठले रेव्हरंड?' या प्रश्नाला मात्र अर्थ नाही.

टिळकांचेच उदाहरण घ्या. बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत. पाळकपणाची दीक्षा १९०४ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनमध्ये. मधल्या वर्षांतल्या टिळकांना 'रेव्हरंड' लिहिणे ही कालविसंगती आहे, आणि चरित्रपर लेखांत ती वारंवार आढळते. अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे. तिथे बिशपच नसतात. व्हिकर स्मिथ यांच्या मापाने मोजायचे, तर टिळकांच्या नावामागे 'रेव्हरंड' कधीच लागला नसता. मुंबईचे रेव्हरंड डॉ. जॉन विल्सन स्कॉटिश प्रेसबिटेरियन होते, त्यांचीही तीच गत झाली असती.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तेव्हा एकत्र आलेल्या सहा मंडळ्यांत अँग्लिकन होते, ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्टही होते, आणि अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या ज्यात आधीच विलीन झाल्या होत्या ते युनायटेड चर्चही होते. ओस्टन फेरीत एका दगडाच्या दोन बाजूंना उभ्या राहिलेल्या परंपरा इथे एका चर्चमध्ये आल्या. नागपूर, पुणे किंवा मुंबईच्या डायोसिसच्या यादीत आज त्यांचे पाळक एकाखाली एक येतात, सगळ्यांना एकच 'रेव्हरंड'.

दगडाचा मजकूर देताना

मराठी कबरींवर याच शब्दावरून आजही चुका होतात, त्या टाळणे सोपे आहे. कोरणाऱ्याला मजकूर तोंडी सांगू नये; मोठ्या अक्षरात लिहून द्यावा. 'रे.' हे संक्षिप्त रूप छापील पुस्तकात चालते, दगडावर नको. टिंब झिजते किंवा शेवाळाने भरते आणि उरते ते नुसते 'रे', हाक मारल्यासारखे. 'रेव्ह.' त्याहून बरे, पण जागा असेल तर पूर्ण 'रेव्हरंड' कोरावे. 'रेव्हरंड' आणि 'रेव्हरेंड' दोन्ही रूपे दिसतात. एकाच कुटुंबाच्या शेजारशेजारच्या दगडांवर तरी एकच ठेवावे. डॉक्टरेट असेल तर क्रम 'रेव्हरंड डॉ.' असा, उलटा नाही. 'श्री.' जोडीला लागत नाही. 'कै.' ख्रिस्ती कबरीवर येत नाही, तिथे 'ख्रिस्तवासी', आणि तो शब्द सगळ्यांच्या आधी: ख्रिस्तवासी रेव्हरंड अमुक. पद सांगायचे असेल तर ते नावाच्या खालच्या ओळीत, गावासह आणि सालांसह: 'पाळक, अमुक मंडळी, इतक्यापासून इतक्यापर्यंत'.

कबर मुलाची किंवा पत्नीची असेल आणि 'रेव्हरंड' वडिलांच्या किंवा पतीच्या नावामागे येणार असेल, तर तो शब्द मृत व्यक्तीच्या नावाहून लहान अक्षरात घ्यावा. दगड त्या व्यक्तीचा आहे. आणि दफनभूमीच्या कमिटीची मंजुरी दगड घडवायला देण्यापूर्वी मजकुराच्या कागदावरच सहीनिशी घ्यावी, तारीख घालून.